मालेम्बाची वाट

अदाउतो आणि जेनिवाल परतले नाहीत, त्याला सहा दिवस झाले होते. ऑगस्टचं वारं सुटलं होतं. गावातले सगळे जंगाडे वाळूवर वर ओढून ठेवले होते. जंगाडा म्हणजे काय, पाच-सहा हलके ओंडके एकाला एक ठोकलेले आणि वर एक तिकोनी शीड. अशा वाऱ्यात त्याच्यावर कोण बसणार? पण त्या मंगळवारी सकाळी वारं जरा पडल्यासारखं झालं आणि माझा नवरा अदाउतो शीड खांद्यावर टाकून निघाला. त्याच्याबरोबर जेनिवाल, ओतासिलियाचा धाकटा मुलगा, वीस वर्षांचा. दुपारी वारं पुन्हा उठलं. संध्याकाळी आम्ही बायका पाण्याच्या कडेला उभ्या राहिलो. बाकी कुणाचं शीड दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण बाकी कुणी गेलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी झुझा आला. हा गाढवांवर सुका मासा लादून उत्तरेकडच्या गावांत फिरायचा. त्यानं टोपी काढली, तेव्हाच मला कळलं.

"मालेम्बाच्या पुळणीवर एक माणूस लागलाय," तो म्हणाला. "उद्या दिवस मावळायच्या आत पुरणार म्हणाले. त्याहून जास्त ठेवता यायचा नाही."

"कसा आहे? तरुण आहे?"

"मी नाही पाहिला, दोना किटेरिया. पुरुष आहे, एवढंच सांगितलं."

एक. दोघे गेले होते, आणि लागला होता एक.

मालेम्बा आमच्या गावापासून दहा कोस. तेव्हा डांबरी रस्ता नव्हता. वाट एकच, समुद्राच्या कडेनं, आणि मध्ये तीन नद्यांची तोंडं, जिथं तर, म्हणजे पार नेणारी होडी, मिळाली तरच पलीकडे जायचं. माझा भाऊ म्हणाला, मी जातो. पण तो काय ओळखणार? सहा दिवस पाण्यात राहिलेला माणूस बायकोनं नाहीतर आईनंच ओळखायचा असतो.

उजाडायच्या सुमारास ओतासिलिया माझ्या दारात उभी राहिली. आत आली नाही. डोक्याला काळं फडकं, हातात एक गाठोडं, कमरेला मासे साफ करायची सुरी.

"चलतेस? का मी एकटी जाऊ?"

सहा दिवसांनी ती पुन्हा माझ्याशी बोलत होती. आधीचं एक वाक्य होतं, ते तिनं पाण्याच्या कडेला सगळ्या गावासमोर म्हटलं होतं: "तुझ्या नवऱ्यानं माझं पोर मारलं." माझ्या लेकीला बाप्तिस्म्याला हिनंच उचलून धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वर. कोमाद्रेशी भांडण म्हणजे पाप. त्या मंगळवारपासून तिनं मला त्या नावानं हाक मारली नव्हती, आणि मीही तिला, परक्या मोठ्या बाईला म्हणतात तसं, नुसतं दोना म्हणू लागले.

मी चार वर्षांच्या एदनाल्व्हाला बहिणीकडे ठेवलं, मॅनिओकच्या कंदाचं भाजलेलं पीठ आणि गुळाचा एक खडा फडक्यात बांधला आणि निघाले.

ओहोटी लागलेली होती. ओली वाळू घट्ट होती, चालायला बरी. ती पुढं, मी चार पावलं मागं. तिचे गुडघे धरलेले होते, डावा पाय ती जरा फेकून टाकायची, तरी वेग माझ्याहून जास्त. उजवीकडे समुद्र, डावीकडे नारळ, मग नारळ संपले आणि नुसत्या टेकाडांच्या रांगा. दोन कोस झाले, तीन झाले, शब्द नाही. लाटेनं एखादं लाकूड, एखादा दोर आणून टाकलेला दिसला की दोघींची मान एकदम तिकडं वळायची. मग पुन्हा चालणं.

माझे ओठ हलत होते. मी प्रार्थना करत होते. काय मागत होते, ते पुढं सांगते.

पहिली नदी कुरिमाताउ. तिचं तोंड रुंद, पाणी गढूळ, काठाला खारफुटी. तिथं आनिसियो नावाचा तरवाला होता. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. आम्ही होडीत बसलो आणि तो सुरू झाला.

"एवढ्या सकाळी दोघी नटूनथटून कुठं? तिबाउला लग्न आहे वाटतं? दोना ओतासिलिया, तुम्ही अजून उजवल्या जाल हं, गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे."

ओतासिलिया पाण्याकडे बघत म्हणाली, "मालेम्बाला प्रेत लागलंय. माझ्या पोराचं असेल, नाहीतर हिच्या नवऱ्याचं."

आनिसियोचं वल्हं पाण्यातच थांबलं. होडी धारेला लागून तिरकी होऊ लागली.

"वल्हव," ती म्हणाली. "थांबून तो उठणार नाही."

पलीकडे पोचेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. उतरताना मी पैसे काढू लागले, तर त्यानं माझा हात मागं लोटला. "मयताच्या कामाला जाणाऱ्याकडून माझ्या बापानं कधी घेतले नाहीत," एवढंच म्हणाला, आणि आम्ही टेकाडाआड जाईपर्यंत टोपी हातात घेऊन उभा राहिला.

दुसरी नदी लहान, कातू. तिथं होडी नव्हती, तराफा होता, आणि लांब बांबूनं तो ढकलणारा एक म्हातारा. पलीकडे उतरल्यावर त्यानं आकाशाकडे नाही, पाण्याकडे बोट दाखवलं. "भरती लागली. कड्याखालून जाऊ नका. वरून जा."

सिबाउमा गाव मागं पडलं आणि कडे सुरू झाले. तांबड्या मातीचे, सरळ तुटलेले, वीस माणसं एकावर एक उभी केली तरी वर हात पुरणार नाही एवढे. ओहोटीला खालून पुळणीवरून आरामात जाता येतं. भरतीला समुद्र थेट मातीला धडकतो.

"वरून जाऊ," मी म्हटलं. "म्हाताऱ्यानं सांगितलंय."

"वर चढून जायचं, पुन्हा उतरायचं. माझे गुडघे मला माहीत आहेत. अजून वाळू दिसतेय. खालून जाऊ."

"दोना ओतासिलिया, पाणी चढतंय."

"मग पाय उचल."

काय करणार? गेलो खालून. पहिला कडा झाला. दुसरा अर्धा झाला आणि वाळूची पट्टी चार हात उरली. लाटेचा फेस घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. समोर कडा पुढं आलेला, त्याच्या पायथ्याशी आता नुसतं पाणीच उसळत होतं. मागं वळून पाहिलं, तर आलो ती वाटही बुडालेली. वरून मातीची ढेकळं सुटून आमच्या पुढ्यात पडत होती, लहान, मुठीएवढी.

बाजूला कधीतरी कोसळलेल्या तांबड्या मातीचा ढिगारा होता. मी तिला दंडाला धरून त्यावर ओढलं. दोघी एकमेकींना चिकटून बसलो. लाट ढिगाऱ्याला लागली की अंगावर तांबडं पाणी उडायचं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

तेवढ्यात पुढच्या पाण्यात काळी पाठ दिसली. लांबट, गुळगुळीत. वर आली, हेलकावली. दोघींनी एकाच वेळी एकमेकींचा हात घट्ट पकडला. मग ती पाठ वाकली, फवारा उडाला आणि बाजूला दुसरी पाठ वर आली. डॉल्फिन होते.

तिनं माझा हात सोडला नाही.

"त्यानं नाही नेलं त्याला," ती म्हणाली. लाटांच्या आवाजात मला आधी ऐकूच आलं नाही.

"काय?"

"तुझ्या अदाउतोनं नाही नेलं. अदाउतो दारात आला आणि म्हणाला, जेनिवाल, येतोस का, नाही आलास तरी चालेल, मी जवळच जाळं टाकून येतो. माझं पोर दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून होतं. म्हणालं, आई, आज नको वाटतंय. मी म्हटलं..." एक लाट आली, गेली. "मी म्हटलं, तुझा बाप असल्या वाऱ्यात गाणं म्हणत जायचा. तुला बांगड्या भरू का? तो उठला. कॉफीसुद्धा न पिता गेला."

खरं सांगू, त्या क्षणी मला तिची दया नाही आली. राग आला. सहा दिवस गावातल्या बायका माझ्या दारावरून मान फिरवून जात होत्या. विहिरीवर मी गेले की बोलणं बंद व्हायचं. आणि ही घरात बसून सगळं जाणून होती.

"हे तिथं का नाही बोललात? सगळ्यांसमोर?"

"तुझ्यावर टाकलं म्हणून मी उभी राहू शकले, पोरी. नाहीतर त्याच पाण्यात चालत गेले असते."

मी वर पाहिलं. ढिगाऱ्याच्या मागं, पावसाच्या पाण्यानं कड्यात एक घळ कापली होती. अरुंद, उभी, पण वरपर्यंत गेलेली.

"सुरी द्या," मी म्हटलं.

तिनं कमरेची सुरी दिली. मी त्या मातीत पायापुरत्या खाचा खोदत वर सरकू लागले. चार खाचा खोदायच्या, खाली वाकून तिला हात द्यायचा, ओढायचं, पुन्हा चार खोदायच्या. माती मऊ होती, खोदायला सोपी, पण पाय ठेवला की अर्धी ढासळायची. एकदा तिचा पाय सुटला आणि सगळा भार माझ्या मनगटावर आला. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. ती खालून म्हणाली, "सोड मला. तू जा, ओळखून ये."

"तोंड बंद करा आणि पाय ठेवा," मी ओरडले. माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या बाईशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते.

वर पोचलो तेव्हा दोघी नखशिखांत तांबड्या झालो होतो. गवतावर पडून राहिलो. माझा खांदा आजही पावसाळ्यात दुखतो. थोड्या वेळानं तिनं गाठोडं उघडलं, सुक्या माशाचा तुकडा काढला, अर्धा मला दिला. मी गुळाचा खडा दातानं फोडून अर्धा तिला दिला. खाल्लं. पाणी एकाच वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून प्यायलो.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "ऊन उतरायला लागलंय. उठ."

पुढचे कडे आम्ही वरून पार केले, काटेरी झुडपांतून, वाऱ्याला पाठ देऊन. खाली पाणी निळं-हिरवं, एवढं सुंदर की बघवत नव्हतं. आता ती पुढं नव्हती, माझ्या धडक्या खांद्यावर हात ठेवून बरोबरीनं चालत होती.

तिबाउला पोचलो तेव्हा सूर्य बराच कलला होता. तिसरं तोंड, ग्वाराइरासच्या खाडीचं, समोर, आणि पलीकडे मालेम्बाची पांढरी पुळण, लांबलचक, रिकामी. इथला तरवाला आमची वाटच बघत होता. झुझानं आमच्याकडे येताना सांगून ठेवलं होतं. पण धार एवढी जोराची होती की भरती थोडी ओसरेपर्यंत थांबायला लागेल म्हणाला. आम्ही उलट्या होडीच्या सावलीत बसलो.

"सकाळपासून तुझे ओठ हलतायत," ओतासिलिया म्हणाली. "काय मागतेस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या ढिगाऱ्यावर तिनं जे सांगितलं, त्यानंतर मला खोटं बोलवेना.

"तो जेनिवाल असू दे, असं मागतेय," मी म्हटलं. "तो जेनिवाल असला, तर अदाउतो अजून कुठंतरी असेल. एखाद्या जहाजानं उचललं असेल. मी एदनाल्व्हाला तसंच सांगितलंय." आणि मला रडू फुटलं, सहा दिवसांत पहिल्यांदा. "तुमचं पोर मेलेलं असू दे म्हणून मी दहा कोस देवाला सांगत आलेय, कोमाद्रे."

मला वाटलं, मारेल. तिनं माझ्या केसांतली वाळलेली माती बोटांनी काढायला सुरुवात केली.

"मी पण तेच मागतेय," ती म्हणाली. "तो जेनिवालच असू दे. तो गेला, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मला तो जमिनीत हवा आहे. मग मी त्याला काहीतरी सांगू शकेन. पाण्याला काय सांगायचं?"

तरवाल्यानं हाक मारली. आम्ही पार झालो.

तो माणूस माडाच्या झावळ्यांच्या एका छपराखाली होता, मच्छीमारांनी जाळी ठेवायला बांधलेलं. जुन्या शिडाच्या कापडानं झाकलेला. पाच-सहा पुरुष लांब वाऱ्याच्या बाजूनं बसले होते, नाकाला फडकी बांधून. खड्डा खणून तयार होता. त्यांतला एक मोठा माणूस, देओदातो नावाचा, पुढं आला. "तोंड बघू नका," तो म्हणाला. "माशांनी ठेवलं नाही. पाय बघा, हात बघा."

अदाउतोच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. जेनिवालच्या उजव्या दंडावर भाजल्याचा डाग होता, लहानपणी चुलीत पडला होता त्याचा.

मी पायांकडचं कापड उचललं. डाव्या पायाची पाची बोटं सुटी. मी ती पुन्हा मोजली. आनंदानं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही. ओतासिलियानं हाताकडचं उचललं. तिनं दंड पाहिला. मग दुसरा दंड पाहिला. मग पुन्हा पहिला. तिनं अंगठ्यानं ती कातडी घासून पाहिली, वाळू असेल तर निघून डाग दिसेल म्हणून.

"माझा नाही," ती म्हणाली.

"माझाही नाही."

अदाउतोहून उंच माणूस होता. कमरेला चामड्याचा पट्टा, आमच्याकडे मच्छीमार बांधत नाहीत तसला. छातीवर निळ्या शाईनं गोंदलेला नांगर. कुठल्या जहाजाचा, कुठल्या देशाचा, कुणास ठाऊक. देओदातोनं निःश्वास टाकला आणि पुरुषांना खूण केली. ते प्रेत न्यायची झोळी घेऊन उठले.

"थांबा," ओतासिलिया म्हणाली. "पाणी आणा. गोडं."

"बाई, तुमचा नाही ना? आणि सूर्य बघा कुठं गेलाय."

"पाणी आणा म्हटलं."

"आम्हाला तो बाप्तिस्मा झालेला होता की नाही हेसुद्धा माहीत नाही..."

"मला माहीत आहे? कुणाच्या तरी पोटातून आला ना? याचीही आई कुठल्या तरी वाळूवरून चालत असेल, भलत्याच दिशेला. आणा पाणी, नाहीतर मी समुद्राचं आणते, आणि मग तुम्ही तुमच्या बायकांना काय सांगायचं ते सांगा."

देओदातोच्या बायकोनंच शेवटी हंडा आणला. आम्ही तिघींनी त्याला धुतलं. वास होता. काय आहे ते आहे. मी डोकं बाजूला वळवून दोनदा ओकले आणि परत आले. ओतासिलियानं आपल्या डोक्याचं काळं फडकं सोडून त्याच्या चेहऱ्यावर बांधलं, हनुवटीखालून गाठ मारून, जशी ती गावातल्या प्रत्येक मयताला बांधायची. मग त्याच्या छातीवर हात ठेवून ती मयताचं गाणं म्हणू लागली. तिचा आवाज फाटलेला होता, पहिल्या दोन ओळी नीट निघाल्याच नाहीत. पुरुषांनी हळूहळू टोप्या काढल्या. तिसऱ्या ओळीला देओदातोच्या बायकोनं सूर मिळवला, मग मी.

खड्डा बुजवून झाल्यावर काठ्यांचा क्रूस रोवला. एकानं विचारलं, "नाव काय घालायचं? तुमच्या पोराचं घालू का, दोना? म्हणजे तुम्हाला जागा होईल."

त्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं. ओतासिलियानं क्रूसाच्या आडव्या काठीवरून हात फिरवला. मला वाटलं, हो म्हणेल.

"नको," ती म्हणाली. "त्याचं नाव त्याला राहू दे. दुसऱ्याच्या अंगावर घालायचं नाही. याच्यावर काही लिहू नका. देवाला वाचता येतं."

रात्री आम्ही देओदातोच्या घरी झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गाढवावर तिला बसवून मी परत निघाले. कुरिमाताउला आनिसियो काठावरच होता. त्यानं नुसती होडी जवळ आणून धरली, आणि गाढव दोरानं बांधलेलं मागून पोहत आलं. गावात पोचल्यावर ती आपल्या घरी गेली नाही. विहिरीवर गेली. संध्याकाळची वेळ, तिथं दहा-बारा बायका होत्या. तिनं गाढवावरूनच, खाली न उतरता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की जेनिवालला तिनंच पाठवलं होतं. शब्दन् शब्द सांगितला, बांगड्यांसकट. एकीच्या हातातला हंडा दगडावर आपटला, तेवढाच आवाज झाला.

जेनिवाल आणि अदाउतो कधीच लागले नाहीत. ना उत्तरेला, ना दक्षिणेला. दोन महिन्यांनी पाद्री आला तेव्हा आम्ही दोघांसाठी एकच प्रार्थना करवली.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी बहिणीकडून एदनाल्व्हाला आणायला गेले. ती दारात मातीशी खेळत होती. मला बघून उठली.

"बाबा सापडले? जहाज आलं?"

मी खाली बसले, तिच्या उंचीला येऊन. "नाही," मी म्हटलं. "जहाज येणार नाही. बाबा समुद्रात मेले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपड्यांकडे. "तू तांबडी का झालीस?"

"कड्यावर चढले होते."

"पडली नाहीस?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिला कडेवर घेऊन घराकडे चालू लागले. दार उघडं होतं. ओतासिलिया आत चुलीपाशी बसून जाळ फुंकत होती, आणि घमेल्यात घेवडा भिजत घातलेला होता.